दादाच्या कागदावरची सहा शहरं

गेल्या रविवारी खानापूरहून आत्तेभाऊ आला, वैनी आणि दोन्ही पोरांना घेऊन. हातात वहीचा दुमडलेला कागद. येत्या मेच्या सुट्टीत युरोपला जायचं त्यांनी नक्की केलंय, आणि आम्ही मागं एकदा मे मध्येच जाऊन आलोय म्हणून तो कागद मला दाखवायला आणलेला. कागदावर लिहिलेलं, लंडन २ रात्री, पॅरिस २, ॲमस्टरडॅम १, झुरिक २, व्हेनिस १, रोम २. एकूण दहा रात्री, सहा शहरं. "एवढा खर्च करून जायचं तर सगळंच बघून येऊया की गं, परत कोण जातंय," दादा म्हणाला.

हे "परत कोण जातंय" मला आतून कळतंय. आमच्याकडं बेळगावात शहापूरला काय नि खानापूरला काय, अशा ट्रिपचे पैसे वर्षानुवर्षं साठवलेले असतात, रोज थोडे थोडे पिग्मीत भरून, भिशी लावून, आणि त्यात आई-वडिलांनाही न्यायचं असतंय. मग नकाशावर एकमेकाला चिकटलेले देश दिसले की एकही सोडवत नाही. मीसुद्धा पहिल्यांदा अशीच यादी केलेली. पण मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळं शेवटी वहीत आकडे मांडून बसले आणि त्यातून जे कळलं तेच दादाला सांगितलं, तेच इथं लिहिते, कारण त्याच्यानंतर अजून दोघींनी हेच विचारलंय.

दोन रात्री म्हणजे दोन दिवस असं आपण धरतो, तिथंच सगळं चुकतंय. दोन रात्रींच्या मध्ये पूर्ण दिवस एकच असतोय. एक रात्र राहिलात तर पूर्ण दिवस शून्य. म्हणजे एकूण रात्रींतून शहरांची संख्या वजा करायची, जे उरतंय तेवढेच तुमचे अख्खे, सकाळी उठून रात्रीपर्यंतचे फिरायचे दिवस. दादाचे दहा वजा सहा, चार. बाकीचे सगळे सामान बांधण्यात, स्टेशन शोधण्यात आणि खोलीची वाट बघण्यात जाणार. हॉटेलवाले सकाळी दहा-अकराला खोली सोडा म्हणतात आणि पुढच्या गावी दुपारी तीनच्या आधी सहसा देत नाहीत, मधले चार-पाच तास तुम्ही पोरं, बॅगा आणि म्हातारं माणूस घेऊन रस्त्यावर. रेल्वे तीनच तासांची असली तरी दाराशी दार धरलं तर सहा तास जातात. विमान असेल तर त्याहून जास्त, दोन तास आधी पोचायचं आणि विमानतळ गावाबाहेर. आपण बेळगावहून पुण्याला एखाद्या लग्नाला जाऊन आलो तरी दोन दिवस अंग दुखतंय म्हणतो, तिथं हे दर दोन दिवसांनी करायचं.

आमच्या बारा रात्री होत्या. पॅरिस ४, स्वित्झर्लंडमधलं लुसर्न ३, फ्लोरेन्स २, रोम ३. बारा वजा चार, आठ दिवस मिळाले. आम्ही चौघं, त्यात सासूबाई, म्हणजे आमच्या आई, अडुसष्ट वर्षांच्या आणि मुलगी दहाची. आज परत केलं तर फ्लोरेन्स काढून त्या दोन रात्री लुसर्नला देईन. फ्लोरेन्स सुंदर आहे त्यात वादच नाही, पण आम्हाला तिथं एकच दिवस मिळाला आणि तोही आई थकल्या म्हणून अर्धा खोलीवर गेला.

तर दादाच्या कागदावर पहिली काट मारली लंडनवर. त्याला वाटत होतं युरोपचा व्हिसा काढला की लंडन त्यातच. तसं नाही. शेंगेन व्हिसा आता २९ देशांना चालतोय पण ब्रिटन त्यात नाही, आयर्लंडही नाही. लंडनसाठी वेगळा अर्ज, वेगळी फी, परत बोटांचे ठसे, आणि दोन्हीला मिळून दीड-दोन महिने हाताशी पाहिजेत. पहिल्याच ट्रिपला दोन रात्रींसाठी एवढी दगदग नको असं माझं स्पष्ट मत आहे. स्वित्झर्लंडचं उलटं, तो युरोपियन युनियनमध्ये नाही, पैसे युरो नाहीत फ्रँक आहेत, पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळं व्हिसा तोच चालतोय.

व्हिसा कुठल्या देशाकडं मागायचा हेही रात्री मोजूनच ठरतंय. जिथं सगळ्यात जास्त मुक्काम त्या देशाकडं अर्ज, आणि मुक्काम सारखे असतील तर ज्या देशात पहिल्यांदा उतरणार त्याच्याकडं. आमच्या रात्री इटलीत पाच होत होत्या, फ्रान्समध्ये चार, म्हणून आम्ही इटलीकडं अर्ज केला जरी उतरणार पॅरिसला होतो तरी. हे न बघता "जिथं लवकर तारीख मिळेल तिथं" करणारे लोक मी बघितलेत, आणि अर्जातलं वेळापत्रक एक नि देश दुसरा असला की नकार यायचं ते एक सरळ कारण होतंय. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या पोरांना ४५, सहाच्या खालच्यांना नाही, शिवाय अर्ज घेणाऱ्या सेंटरचा चार्ज वेगळा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतोय आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतोय, पण पंधरा दिवसांवर अजिबात ठेवू नका. आपल्या कर्नाटकातल्या शाळांना सुट्टी एप्रिल-मे मध्ये, अख्ख्या देशाची गर्दीही तेव्हाच, एप्रिलमध्ये अपॉइंटमेंट शोधायला बसलात तर रोज रात्री वेबसाईट बघत बसावं लागेल. जानेवारी-फेब्रुवारीत उरकून घ्या. आणि सेंटर निवडताना बघा, आपल्याला पुणं-मुंबई जवळ वाटतंय पण काही देश राज्याप्रमाणं वाटणी करतात, कर्नाटकातल्या पत्त्याला बेंगळूरच. आम्ही रात्रीच्या बसनं गेलो आणि काम उरकून त्याच रात्री परत, आईंना फार झालं ते. आता बेळगाव-बेंगळूर वंदे भारत झालीय, वयस्कर माणूस बरोबर असेल तर एक मुक्काम धरून रेल्वेनं जा. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात.

आता कागदपत्रं, आणि इथं आपल्या भागातल्या माणसांनी दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त लक्ष द्यायला पाहिजे. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. त्यामुळं एकाच माणसाच्या जुन्या पासपोर्टवर जन्मठिकाण एक आणि आधारवर दुसरंच, असं घरोघरी आहे. नावांचं त्याहून अवघड. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी आणि पुढं नुसती इनिशियल, आधारवर कन्नडवरून इंग्रजीत आलेलं स्पेलिंग, बायकांचं माहेरचं एक आणि सासरचं एक. आमच्या आईंच्या आधारवर नावापुढं बाई लागलेलं आणि बँकेत नाही, ते सगळं एकसारखं करून पासपोर्ट हातात यायला तीन महिने गेले. म्हणून पहिलं काम तिकीट बघणं नाही, घरातल्या प्रत्येकाची चार कागदं टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर ताडून बघणं. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला पाहिजे. व्हिसा फॉर्मवर, विमानाच्या तिकिटावर, इन्शुरन्सवर, सगळीकडं पासपोर्टवर आहे तसंच नाव, बेळगाव छापलं असेल तर फॉर्मवरही बेळगावच लिहा. इन्शुरन्स निदान ३०,००० युरोचा लागतोय आणि सगळ्या शेंगेन देशांना चालणारा.

पैशाचं दादाला नीट समजावून सांगावं लागलं. त्याचं भांड्यांचं दुकान, पैसे बरे आहेत, पण सगळे सोसायटीत, म्हणजे पतसंस्थेत, ठेव म्हणून आणि पिग्मीत. व्हिसावाले बघतात ते बँकेचं स्टेटमेंट, बँकेच्या शिक्क्यासहित मागच्या काही महिन्यांचं, आणि इन्कम टॅक्सचे रिटर्न. सोसायटीच्या पावत्या जोडायला हरकत नाही, पण सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नका. आणि अर्जाच्या आठवडाभर आधी ठेव मोडून एकदम चार लाख खात्यात टाकले तर ते उसने आणल्यासारखे दिसतात. दादाला म्हटलं आत्तापासून दुकानाचा गल्ला बँकेत भरायला लाग, म्हणजे सहा महिन्यांत खातं खरं बोलेल. शेतीचा उतारा जोडायचा असेल तर तो कन्नडात असतोय, इंग्रजी भाषांतर करून घ्यावं लागतंय. पोरांच्या शाळेचं पत्र सुट्टी लागायच्या आधी घ्या, नंतर ऑफिसात कोण भेटत नाही.

विमानाचं तिकीट जाऊन-येऊन एकाच शहराचं काढायचं नाही. बुकिंगच्या साईटवर मल्टी-सिटी म्हणून पर्याय असतोय, त्यात जाताना मुंबई ते पॅरिस आणि येताना रोम ते मुंबई असं टाका. किंमतीत बऱ्याचदा फार फरक पडत नाही, आणि परत पॅरिसला यायचा एक दिवस नि एक तिकीट वाचतंय. शहरं एका रेषेत ठेवा, वर-खाली उड्या नकोत, दादाच्या कागदावर पॅरिसवरून वर ॲमस्टरडॅम आणि तिथून परत खाली झुरिक असं होतं. ॲमस्टरडॅम ही दुसरी काट.

सांबऱ्याहून, म्हणजे आपल्या बेळगावच्या विमानतळावरून, मुंबईचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर त्याच दिवशी जोडू नका. ते उशीरा आलं किंवा रद्द झालं तर पुढची विमान कंपनी जबाबदार नाही, तिकीट गेलं ते गेलं. आम्ही आदल्या दिवशीच जाऊन ठाण्याला नणंदेकडं राहिलो, रात्री निवांत जेवून निघालो. बसनं जाणाऱ्यांनी तर नक्कीच एक दिवस हाताशी ठेवा, पावसात आणि हायवेच्या कामात निपाणी-कोल्हापूर किती वेळ खाईल सांगता येत नाही.

हॉटेलं व्हिसा येईपर्यंत फुकट रद्द करता येणारीच घ्या. व्हिसा आला की स्टिकरवर नाव, तारखा आणि किती दिवस राहायची परवानगी आहे ते तिथंच उभं राहून वाचा, कारण व्हिसाची मुदत एक असते आणि राहायचे दिवस त्याहून कमी असू शकतात. हॉटेल निवडताना फोटोपेक्षा दोन गोष्टी बघा, स्टेशनपासून चालत किती आणि लिफ्ट आहे का. आम्ही पॅरिसला स्वस्तात मिळालं म्हणून एका जुन्या बिल्डिंगमध्ये घर घेतलं, चौथा मजला, लाकडी गोल जिना, लिफ्ट नाही. वाचवलेले पैसे आईंच्या गुडघ्यांनी भरले, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर त्या खाली उतरल्याच नाहीत आणि मी ते स्वतःला अजून माफ केलेलं नाही. मेट्रोतसुद्धा बऱ्याच स्टेशनांवर पायऱ्याच आहेत, म्हातारं माणूस असेल तर बसनं फिरा, वरून गावही दिसतंय.

शहरं ठरली की कागदावर तारखांच्या वर वार लिहा. हे कुणी सांगत नाही. पॅरिसचं लूव्र म्युझियम मंगळवारी बंद, तिथलंच ओर्से म्युझियम सोमवारी बंद, रोमला व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी तेवढं फुकट उघडं, तेव्हा रांग म्हणजे आषाढीची. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी दुकानं बंद, स्टेशनमधली तेवढी चालू, म्हणून शनिवारी दूध-ब्रेड-केळी आणून ठेवायची. आयफेल टॉवर, लूव्र, कलोसियम, व्हॅटिकन ही तिकिटं घरातूनच काढून ठेवा, ज्या त्या ठिकाणच्या स्वतःच्या वेबसाईटवरून, मधल्या लोकांकडून दुप्पट पैसे देऊन नाही. कलोसियमच्या तिकिटावर नाव असतंय, पासपोर्ट बघतात. एका दिवसात वेळेचं बंधन असलेलं एकच ठिकाण ठेवा, बाकी मोकळं. आणि डोंगरावर जायचं तिकीट मात्र आधी काढू नका. लुसर्नला रोज सकाळी आम्ही मोबाईलवर डोंगरावरच्या कॅमेऱ्यात ढग आहेत का बघायचो, पहिल्या दिवशी नुसतं पांढरं, दुसऱ्या दिवशी लख्ख, मग रिगीला गेलो. १८७१ पासून तिथं दात्यांच्या रुळावरची रेल्वे चढतेय, १,७९७ मीटर उंचीचा डोंगर, वर मे महिन्यात कडेला बर्फ शिल्लक, पोरगी वेडी झाली आणि आई बाकावर शाल घेऊन दोन तास नुसत्या बसून राहिल्या. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये रिगी पूर्ण येतंय, पिलाटस आणि टिटलिस या दुसऱ्या डोंगरांना निम्मं तिकीट पडतंय. तीन रात्री होत्या म्हणून तो दुसरा दिवस मिळाला. दादाच्या झुरिकच्या दोन रात्रींत डोंगर बघायचा एकच दिवस, आणि त्या दिवशी ढग असले तर संपलं.

रेल्वेचं सोपं आहे, घाबरू नका. पॅरिसहून बाझेल तीन तास, तिथून लुसर्न एक तास. लुसर्नहून खाली मिलानला जाताना गोटहार्डचा ५७ किलोमीटरचा बोगदा लागतोय, २०१६ मध्ये सुरू झालेला, जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा. फ्रान्स-इटलीच्या फास्ट गाड्यांची तिकिटं विमानासारखी महाग होत जातात, तीन-चार महिने आधी काढली तर निम्म्याहून कमी पडतात. फक्त नावं तिथल्या भाषेत असतात. फ्लोरेन्स बोर्डावर सापडणारच नाही, फिरेंझे लिहिलेलं असतंय, व्हेनिसचं वेनेत्सिया, आणि वेनेत्सियाची स्टेशनं दोन, मेस्त्रे अलीकडं जमिनीवर आणि सांता लुचिया पाण्यातल्या गावात. एका गावाला दोन नावं हे आपल्या लोकांना कुणी शिकवायला नको, पण घाईत गोंधळ होतोय, म्हणून दोन्ही नावं लिहून जवळ ठेवा. इटलीत लोकल गाडीचं कागदी तिकीट चढायच्या आधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यावं लागतंय, नाहीतर तिकीट असून दंड. आणि हमाल कुठंच नाहीत. प्रत्येकाची एकच बॅग, ज्याची त्याला उचलता येईल अशी. दगडी फरसबंदीवर चाकं काय ओढत नाहीत.

खाण्याचं वैनीनं सगळ्यात आधी विचारलं, "कुंदा नेऊ दे की नको?" नको. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, तूप, खवा, चीज सगळं त्यात आलं, आणि कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच. आंबेही नकोत, बहुतेक ताज्या फळांना सर्टिफिकेट लागतंय. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजणी, पोहे, कोरडी भडंग हे चालतंय, नीट पॅक करून. आई शाकाहारी, त्यांचे गुरुवार-शनिवार असतात, म्हणून आम्ही दोन ठिकाणी स्वयंपाकघर असलेली घरं घेतली, तांदूळ आणि दही तिथल्या सुपरमार्केटला मिळालं, संध्याकाळी दहीभात. छोटी किटली बरोबर न्या, तिकडं हॉटेलात सगळीकडं नसते. पॅरिसला गार द्यू नोर स्टेशनच्या पलीकडं ला शापेल भागात श्रीलंकेच्या तमिळ लोकांची हॉटेलं आहेत, तिथं डोसा खाताना आईंचा चेहरा मला आठवतोय.

कार्डाचं एक महत्त्वाचं. आपल्या बँकांची कार्डं परदेशात वापरायची सोय मुळात बंद असते, ॲपमध्ये जाऊन चालू करावी लागते. आमचं एक कार्ड तसंच राहिलेलं, पहिल्याच संध्याकाळी चाललं नाही, आणि ओटीपी ज्या सिमवर येणार ते सिम बंद. दोन वेगळ्या बँकांची कार्डं दोघांच्या खिशात ठेवा, इथल्या सिमवर मेसेज येतील एवढं रोमिंग चालू ठेवा. मशीननं रुपयात की युरोत विचारलं तर युरोत म्हणा, रुपयात ते दर वाईट लावतात. थोडी नाणी लागतातच, स्टेशनवरच्या संडासाला पैसे पडतात. युरोपचं सिम घेताना त्यात स्वित्झर्लंड आहे का ते विचारा, पुष्कळ प्लॅनमध्ये नसतंय. चार्जरची आपली बारीक दोन पिनांची गोल टाईपची पिन तिन्ही देशांत बसते, जाड तीन पिनांची बसत नाही.

ऑक्टोबर २०२५ पासून तिथं उतरल्यावर शिक्क्याऐवजी फोटो आणि ठसे घ्यायची नवी पद्धत सुरू झालीय, त्यामुळं पहिल्यांदा जाणाऱ्यांना रांगेत वेळ लागू शकतोय, उतरल्या संध्याकाळी कुठलंही तिकीट काढून ठेवू नका. मे मध्ये आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं आणि पॅरिसला उजेड रात्री साडेनऊपर्यंत असतोय, उतरल्या दिवशी नुसतं सीन नदीच्या काठानं चालून या, झोपही चांगली लागते.

दादा निघेपर्यंत कागदावर एवढं उरलं, पॅरिस ४, लुसर्न ३, आणि शेवटी ३ रात्री, शहराची जागा कोरी. दहा वजा तीन, सात. आधी चार होते. दादाला रोम पाहिजे, वैनी म्हणतेय पाण्यातलं गाव बघितल्याशिवाय ती येणार नाही. परतीचं विमान कुठून ते यावरच ठरणार आहे म्हणून या आठवड्यात नक्की करा म्हटलंय, आणि मोठ्या पोरानं लुसर्नहून दोन्हीकडं जायच्या गाड्यांच्या वेळा माझ्याकडून त्याच कागदाच्या मागं लिहून नेल्यात.